कोठीच्या खोलीतले तुरेवाले

लग्नानंतर बावीस दिवसांनी माझा नवरा जहाजावर गेला आणि दहा महिन्यांनी परत आला, तेव्हा त्याच्या एका हातात टेपरेकॉर्डर होता आणि दुसऱ्या हातात रुंद तोंडाचा थर्मास. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणायची, अजूनही म्हणते, पण लिहिताना नवराच म्हणणार. टेपरेकॉर्डर त्याने आल्या आल्या खुर्चीवर टाकला. थर्मास मात्र मुंबईपासून एसटीत मांडीवर घेऊन बसला होता म्हणे. मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी नाजूक वस्तू असणार. झाकण उघडून बघते तर आत दोन पांढऱ्याफटक पाली.

सासूबाई माझ्या खांद्यावरून डोकावल्या आणि दोन पावलं मागे सरल्या.

"जपानातून पाली आणल्यास?" त्या म्हणाल्या. "आपल्याकडे काय कमी हायत?"

पाली नव्हत्या त्या. ॲक्सोलॉटल असं त्यांचं नाव, मूळचे मेक्सिकोच्या तळ्यातले. वीतभर लांब, चार बारीक पाय, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन लाल तुरे. ते तुरे म्हणजे त्यांचे कल्ले, पाण्यात श्वास घ्यायचे. तोंड असं रुंद, की सदा हसताहेत असं वाटावं. त्या वर्षी जपानात या प्राण्याचं खूळ आलं होतं. नवऱ्याने बंदरावरच्या एका दुकानात बघितले आणि घेतले. तो इंजिनरूममध्ये काम करायचा, तिथल्या उकाड्यात ते तासभरही टिकले नसते, म्हणून जहाजावरच्या स्वयंपाक्याला पटवून त्याने त्यांना शीतघराच्या दाराशी बादलीत ठेवलं होतं. मुंबईला कस्टमवाल्याने थर्मास उघडला, आत बघितलं, स्वतःच्या हाताने झाकण घट्ट लावलं आणि पुढे जा म्हणाला.

हल्ली हा प्राणी पोरींच्या दप्तरांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर दिसतो. परवा आमच्या गल्लीतली एक चिमुरडी मला त्याचं नाव शिकवायला लागली. मी मुकाट्याने शिकून घेतलं. पंच्याऐंशी-शहाऐंशी साली रत्नागिरीत आम्ही दोन पाळले होते, हे तिला सांगितलं असतं तर तिने मला थापाडी ठरवलं असतं.

सुट्टी दोन महिन्यांची होती. त्यातला पहिला आठवडा टाकी बनवण्यात गेला, आणि मी खरं सांगते, मला राग आला होता. दहा महिन्यांनी आलेला नवरा, आणि तो दिवसभर देवांच्या तसबिरींना काचा बसवणाऱ्याच्या दुकानात ठाण मांडून. त्या कारागिराने जन्मात टाकी केली नव्हती. लोखंडी अँगलची चौकट, आत काचा, फटींत पुट्टी. पहिल्यांदा पाणी भरलं तर तीन कोपऱ्यांतून धार लागली. दुसऱ्यांदा एकाच कोपऱ्यातून लागली. सासूबाई म्हणाल्या, प्रगती आहे. तिसऱ्यांदा एकदाचं पाणी थांबलं.

मग तळाला घालायची वाळू. खडे चालणार नव्हते, ते गिळतात आणि मरतात. बारीक वाळूच हवी. आमचं घर मांडवीत, वाळूला काय तोटा. पण ती समुद्राची, खारट. आम्ही दोघी सासवा-सुना विहिरीवर बसून ती काळी वाळू घोळत होतो. दर वेळी सासूबाई घमेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायच्या आणि म्हणायच्या, अजून हाय. अकराव्या पाण्याला त्यांनी मान डोलावली. पालींसाठी मी वाळू चाखली असं कोणाला सांगू नको, एवढं मात्र बजावलं.

टाकी ठेवली कोठीच्या खोलीत. तांदळाच्या कणग्या, नारळ आणि आंब्याच्या दिवसांत गवतात घातलेली अढी, यांची ती खोली. उत्तरेकडची, जांभ्याच्या जाड भिंतींची, घरातली सर्वांत गार. आत लपायला म्हणून छपराचं एक जुनं नळीचं कौल पालथं घातलं. दोघे त्याच्याखाली शिरले आणि तोंडं तेवढी बाहेर ठेवून बसले. सासूबाईंनी त्यांचं नाव तुरेवाले ठेवलं. एक थोडा मोठा होता, तो थोरला, आणि दुसरा धाकटा. नर की मादी हे आम्हाला कधीच कळलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने एक कागद लिहून भिंतीला चिकटवला. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच घालायचं, कारण त्यातली औषधाची पावडर त्यांना बाधते. आठवड्याला फक्त तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. ऊन लागू द्यायचं नाही. खायला गांडुळं. आणि पाणी गार हवं. 'गार'च्या खाली दोन रेघा होत्या. एसटीत चढताना तो मला म्हणाला, "मी येईपर्यंत सांभाळ."

एवढंच. पण मला ते फार मोठं वाटलं. सासरे आमच्या लग्नाआधीच वारलेले, घर सासूबाईंचं, सगळे व्यवहार त्यांच्या हातात, आणि नवऱ्याचा माझा सहवास सगळा मिळून तीन महिन्यांचासुद्धा नाही. त्याला भात मऊ आवडतो की मोकळा, हेही मला सासूबाईंना विचारावं लागे. त्याने माझ्या एकटीवर सोपवलेली ही पहिली गोष्ट. तो परत येईल तेव्हा दोघेही तुरेवाले टाकीत हसत असले पाहिजेत, असा मी मनाशी चंगच बांधला.

गांडुळांची चिंता नव्हती. माडाच्या आळ्यात सांडपाणी सोडलेलं असायचं, तिथे खुरपं मारलं की हवी तेवढी. पहिले काही दिवस मी काडीने उचलायची, मग हाताने. सासूबाई दुपारी खोलीच्या दारात बसून तांदूळ निवडायच्या आणि त्यांच्याशी बोलायच्या. मी आले की गप्प. एकदा मी दाराआड उभी राहून ऐकलं, तर शेजारणीच्या सुनेबद्दल सांगणं चाललं होतं. माझ्याबद्दल काही निघतंय का म्हणून मी बराच वेळ थांबले. निघालं नाही. मला जरा वाईटच वाटलं.

मार्चमध्ये थोरल्याने धाकट्याचा पाय तोडला. गांडूळ एकच होतं आणि दोघांनी एकदम तोंड घातलं. मी रडकुंडीला आले. धाकट्याला उचलून एका प्लॅस्टिकच्या टबात वेगळं ठेवलं आणि आज जातो की उद्या, असं बघत बसले. तो काही गेला नाही. पंधरा दिवसांत तिथे एक बारीकसा कोंब दिसायला लागला आणि महिन्याभरात त्याला बोटं फुटली. सासूबाई त्या टबापुढे मांडी घालून बसायच्या. केळ तोडली की पुन्हा वर येते तसंच हे, म्हणाल्या, पण आवाज अगदी हळू होता.

एप्रिलपासून खरी परीक्षा. कोकणातल्या दमट हवेत माठाचं पाणीसुद्धा देशावरच्यासारखं गार होत नाही, टाकीचं काय होणार? मिरकरवाड्याहून आमच्याकडे एक मासेवाली यायची. तिला सासूबाईंनी गळ घातली. ती रोज सकाळी बर्फाच्या कारखान्यातला एक तुकडा गोणपाटात गुंडाळून पाटीत आणायची. त्याला बांगड्याचा वास असायचा, म्हणून तो पाण्यात न टाकता आम्ही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून डबा टाकीत सोडायचो. एक डबा टाकीत, एक टबात. मासेवालीने पहिल्या दिवशी वाकून थोरल्याला नीट बघितलं, बोटाने हवेतच त्याची जाडी मापली आणि कालवणाला काही उपयोगाचा नाही असा निकाल दिला. बर्फ मात्र तिने एक दिवस चुकवला नाही.

मग मे महिन्याचा मध्य आला. पावसाआधीच्या शेवटच्या फेऱ्या म्हणून सगळ्या बोटी एकदम बर्फ भरायला लागल्या. मासेवाली हात हलवत आली. कारखान्यातून बर्फाचा कणही सुटत नव्हता. दोन दिवसांत टाकीचं पाणी कोमट झालं. थोरला कौलाबाहेर येऊन पृष्ठभागाशी तोंड उघडायला लागला. काहीतरी करायला हवं होतं, आणि मी माझ्या अकलेप्रमाणे केलं.

माझ्या माहेरचा, राजापूरच्या बाजारातून घेतलेला, माझं नाव कोरलेला तांब्याचा हंडा होता. तांब्यातलं पाणी सगळ्यांत शुद्ध, पाहुण्याला द्यावं तर ते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मी तो चिंच-मीठ लावून आरशासारखा घासला, दोन दिवस ठेवलेलं नळाचं पाणी त्यात भरलं, भोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि खोलीच्या कोपऱ्यात आणखी दोन दिवस राहू दिलं. पाणी हाताला खरंच गार लागलं. कागदावर तिसरा हिस्सा लिहिलं होतं, पण थोरल्याची तगमग बघवेना, म्हणून मी जवळजवळ सगळी टाकी त्या पाण्याने भरली. टबापुरतं पाणी उरलं नाही. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

संध्याकाळपर्यंत थोरला टाकीभर धडका मारत फिरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उलटा तरंगत होता, आणि तुरे पांढरे पडले होते.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर गल्लीच्या टोकाला राहायचे. मी तशीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाणी कुठलं, भांडं कुठलं, किती वेळ, असं शांतपणे विचारलं. मग सांगितलं, की तांबं पाण्यात थोडं उतरतं, आपल्याकडचं मृदू पाणी तर ते लवकर उतरवतं, चिंचेने घासल्यावर आणखीच. माणसाला तेवढं चालतं. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्याला ते विष आहे. तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं, असंही ते म्हणाले. घरी येऊन मी हंडा पालथा घातला आणि ढसाढसा रडले. हातचं सोन्यासारखं जनावर मी माझ्या हाताने मारलं होतं, आणि तेही लाड करून.

सासूबाईंनी थोरल्याला माडाच्या आळ्यात पुरलं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता प्रश्न पत्राचा. जहाजावरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, हा आमच्याकडच्या दर्यावर्दी घरांचा नियम. तो तिकडे हजारो मैलांवर, येऊ शकत नाही, उगाच जीव टांगणीला. त्यातून कामात लक्ष उडालं तर अपघात व्हायचा. त्यामुळे घरात काहीही होवो, पत्रात 'इकडील सर्व खुशाल, काळजी नसावी'. लग्न होऊन आले तेव्हाच मला हे सांगितलं गेलं होतं. त्या वेळी नियम जाचक वाटला होता. आता तो माझ्या पथ्यावर पडला. मी लिहिलं, दोघेही तुरेवाले मजेत आहेत. पुढच्या आठवड्यात लिहिलं, थोरला आता फार खातो. खोटं लिहायला बसलं की ते आपोआप फुलत जातं. आणि तो आल्यावर काय, हा विचार आला की मी पेन खाली ठेवून दुसऱ्याच कामाला लागायची.

तिसरं पत्र लिहीत होते तेव्हा सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. काय लिहिलंस ते वाच, म्हणाल्या. मी वाचलं. थोरल्याची लांबी बोटभर वाढली आहे, इथपर्यंत आले आणि त्यांनी माझा हात धरला.

"वाढवू नको त्याला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. दीड वर्षाची असताना गोवराने गेली. सासरे तेव्हा बोटीवर. घरातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं, कळवायचं नाही. पत्र शेजारचे मास्तर लिहून द्यायचे आणि मजकूर सासूबाईंनी सांगायचा. सासरे प्रत्येक पत्रात मुलीचं विचारायचे. काहीतरी उत्तर द्यावंच लागे. मग त्या सांगायच्या, धावायला लागली. दाढा आल्या. बाबा कुठे, विचारते. सात महिने त्यांनी अशी पत्रं पाठवली.

"हे आले तेव्हा तिच्यासाठी बूट घेऊन आले," त्या म्हणाल्या. "दीड वर्षाच्या पोरीचे नाय गो. दोन वर्षांच्या मापाचे. मीच वाढवली होती ना तिला, पत्रात."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजही हलला नाही. पोळ्या किती करायच्या हे सांगावं तसं त्या सांगत होत्या. पुढे एवढंच म्हणाल्या, की त्यानंतर सासरे तीस वर्षं बोटीवर होते, आणि घरून गेलेल्या कुठल्याही पत्रावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. प्रत्येक वेळी घरी आले की आधी उंबऱ्यात उभे राहून माणसं मोजायचे.

"एका जनावरापायी त्याला मोजायला लावू नको. लिही खरं."

मी तो कागद फाडला आणि नवीन हवाई पत्र घेतलं. थोरला गेला, माझ्या चुकीने गेला, हंड्याचं सगळं लिहिलं. आधीच्या दोन पत्रांत खोटं लिहिलं हेही लिहिलं. धाकटा आहे, त्याचा पाय पुरता आला आहे. सासूबाईंचा गुडघा दुखत होता, आता बरा आहे. पत्र पेटीत टाकलं आणि वाटलं, हात घालून परत काढावं. मेलेल्या एका प्राण्यापायी नवऱ्याच्या मनातून मी उतरणार, याची मला खात्री होती. ज्या माणसाला मी नीट ओळखतही नव्हते, त्याच्या मनातून उतरण्याची भीती एवढी का वाटावी, ते मला आजही सांगता येणार नाही.

पाऊस सुरू झाला, खोली आपोआप गार झाली. धाकट्याला आम्ही टाकीत आणलं. पाणी सहा वेळा बदलून, कौलसुद्धा नवं घालून. तो त्यानंतर तीन वर्षं जगला आणि त्याने आम्हाला पुष्कळ नाचवलं. पण त्या जून-जुलैत मी त्याच्याकडे बघत नव्हते, पोस्टमनच्या वाटेकडे बघत होते.

उत्तर आलं ते जुलैअखेर. पाकिटाची एक बाजू भिजलेली. सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि समोर बसल्या. मी मोठ्याने वाचायला लागले. त्याने लिहिलं होतं, की जहाजावर सगळ्यांच्याच घरी सर्व खुशाल असतं, म्हणून ती ओळ कोणी वाचतच नाही. पुढची ओळ मला तोंडपाठ आहे. 'थोरला गेला हे वाचून वाईट वाटलं, पण त्याच पत्रात आईचा गुडघा बरा आहे असं लिहिलंस, ते मला खरं वाटलं, आणि फार दिवसांनी मी नीट झोपलो.' हंड्याबद्दल एक शब्दही नव्हता.

खाली आणखी चार ओळी होत्या. तू खरं लिहिलंस म्हणून मीही लिहितो, असं म्हणून त्याने कळवलं होतं, की मार्चमध्ये इंजिनरूममध्ये वाफेची नळी फुटली आणि त्याचा हात भाजला. आता जखम भरली आहे, दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, पण काम होतं. मार्चमधलं त्याचं पत्र मला आठवत होतं. मी मजेत आहे, इकडे हवा छान आहे, असं त्यात लिहिलं होतं.

सासूबाई पत्रावर वाकल्या.

"कुठला हात?" त्यांनी विचारलं.

मी पत्र उलटसुलट करून पाहिलं. लिहिलं नव्हतं. त्याच दुपारी मी हवाई पत्र घेतलं आणि मायना, नमस्कार, पाऊसपाणी, काहीही न घालता पहिल्याच ओळीत विचारलं, कुठला हात? उत्तर यायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत सासूबाई भात कालवता कालवता मध्येच थांबायच्या आणि स्वतःची बोटं मिटून बघायच्या. मीही बघायची.

डावा, अजून दुखतो, असं उत्तर आलं. खरं लिहिलंय ना त्याने, असं सासूबाईंनी विचारलं, आणि मी हो म्हटलं. लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की मला नवरा आहे, आणि त्याचा डावा हात दुखतो.